मंडळीतले तरुण जातात कुठे?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आजचा विषय एका लहान समाजाचा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे दहा लाख ऐंशी हजार भरली, म्हणजे शेकडा एकाहून थोडी कमीच. पण ज्या भजनी मंडळाला नवा टाळकरी मिळत नाही, ज्या वाचनालयाला चिटणीस सापडत नाही, ज्या घरातली मुले शिकून पुण्या-मुंबईला गेली आहेत, त्या सर्वांना हा प्रश्न आपलाच वाटेल. प्रश्न असा, की ख्रिस्ती मंडळीतले अठरा ते तीस वयाचे तरुण रविवारच्या उपासनेला दिसेनासे का होतात, आणि त्यांना पुन्हा आपल्यात सामील करून घ्यायचे तर काय करावे?

उदाहरणासाठी आपण वालचंदनगरचा परिसर घेऊ. इंदापूर तालुक्यातले हे गाव कारखान्यासाठी वसलेले. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर उसाचा मळा फुलवला आणि साखर कारखाना उभा केला. पुढे इथे साखर कारखान्यांना लागणारी यंत्रे होऊ लागली. अणुवीज केंद्रांचे आणि अग्निबाणांचे भागही इथल्या कामगारांच्या हातून घडले. शेजारच्या बारामतीत ऑस्ट्रेलियातल्या 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या मिशनने विसाव्या शतकाच्या आरंभी काम सुरू केले आणि ते श्रीगोंदे, दौंडपर्यंत पसरले. म्हणजे ख्रिस्ती मंडळी या भागाला नवीन नाही. मात्र ती लहान आहे, विखुरलेली आहे. कारखान्याच्या वसाहतीत कोणी नगरकडून आलेला असतो, कोणी सोलापूरकडून. कोणी प्रोटेस्टंट, कोणी कॅथलिक. अशा ठिकाणी चार तरुण निघून गेले, तरी अर्धे भजन थांबते.

गळती नेमकी कुठे होते?

मुलगा लहान असतो तेव्हा शब्बाथ शाळेत जातो. नाताळच्या नाटकात मेंढपाळ होतो. चौदा-पंधराव्या वर्षी धर्मशिक्षण घेतो, त्याचे दृढीकरण होते आणि तो प्रभुभोजनाला येऊ लागतो. इथपर्यंत प्रत्येक पायरी ठरलेली असते, प्रत्येक पायरीवर कोणीतरी त्याचा हात धरलेला असतो. त्यानंतरची पायरी कोणती? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर एकच आहे, लग्न! मधल्या दहा-बारा वर्षांत मंडळीने त्याच्यासाठी काही योजलेलेच नसते. मुलांसाठी शब्बाथ शाळा आहे, बायकांसाठी महिला मंडळ आहे, वडीलधाऱ्यांसाठी कमिटी आहे. बावीस वर्षांच्या मुलीसाठी मागचे बाक आहे.

नेमकी हीच वर्षे धावपळीची असतात. बारावीनंतर बारामतीचे कॉलेज, मग पुण्याला नोकरी, चाकण नाहीतर हिंजवडी, चार जणांत भाड्याची खोली. जे गावात राहतात त्यांची पाळी असते. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या मुलाला नऊच्या उपासनेला ये म्हणणे म्हणजे झोपेशी भांडण. रुग्णालयात काम करणाऱ्या मुलीचा रविवार तिच्या हातात नसतो. मग घरातले म्हणतात, पोरांची श्रद्धा आटली. तसे काही वेळा असतेही. पण पुष्कळदा श्रद्धा जागेवर असते, फक्त वेळ जुळत नाही, ओळखीचे कोणी उरत नाही आणि आपल्यावाचून काही अडत नाही हे त्याला कळून चुकलेले असते. या तिसऱ्या कारणाकडे आज मला आपले लक्ष वेधायचे आहे. जिथे आपल्यावाचून अडत नाही तिथे माणूस फार दिवस जात नाही.

कापडाच्या दुकानातला नोकर

खेड्यातून शहरात गेलेल्या तरुणाचा प्रश्न जुना आहे. इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यातला जॉर्ज विल्यम्स हा शेतकऱ्याचा मुलगा लंडनला कापडाच्या दुकानात नोकरीला लागला. दुकानातले नोकर दिवसभर राबत आणि वरच्या खोल्यांत दाटीवाटीने झोपत. घर दूर, ओळख कोणाची नाही, मोकळ्या वेळेत जायचे तर दारूचा गुत्ता. विल्यम्सने आपल्यासारख्याच काही सोबत्यांना जमवून १८४४ साली प्रार्थनेसाठी व वाचनासाठी एक मंडळ काढले. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. तेच वायएमसीए. १८७५ साली ते मुंबईत आले आणि आज जगभर पसरले आहे. यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की हे मंडळ तरुणांनी स्वतःच आपल्या खोलीत काढले. कोणा वडीलधाऱ्याने त्यांच्यासाठी काढलेले ते नव्हते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरी फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकांनी १८८१ साली आपल्या चर्चमधल्या तरुणांची 'ख्रिश्चन एंडेव्हर' ही संस्था काढली. तिचा नियम साधा होता. सभासदाने सभेत नुसते बसायचे नाही, काही ना काही भाग घ्यायचाच. एखादे वचन वाचा, दोन वाक्यांची प्रार्थना करा, पण गप्प राहू नका. शिवाय प्रत्येकाने एका समितीत काम करायचे. त्यातली एक समिती तर केवळ लक्ष ठेवण्यासाठी होती. नवे कोण आले, कोण यायचे थांबले, का थांबले, याची विचारपूस करणे हे तिचे काम. आज आपल्या किती मंडळ्यांत हे काम कोणाच्या नावावर नेमून दिलेले आहे?

केडगावच्या मुली

इतके दूर कशाला जायचे? आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मुक्ती सदन उभे केले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि बालविधवा तिथे आल्या. त्यांत अनेक जणी उपाशी, आजारी, अक्षरओळख नसलेल्या होत्या. त्यांना नुसते सांभाळून, जेवू घालून, उपदेश ऐकवून बसवता आले असते. रमाबाईंनी त्यांच्या हाती काम दिले. कोणी शेती बघू लागली, कोणी माग चालवू लागली, कोणी तेलाचा घाणा, कोणी गोठा, कोणी स्वयंपाकघर. मोठ्या मुलींनी धाकट्यांना शिकवायचे. पुढे तिथे छापखाना आला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेव्हा त्याचे खिळे जुळवायला याच मुली होत्या. १९२२ साली रमाबाई वारल्या, त्याच्या थोडेच आधी ते भाषांतर पुरे झाले.

१९०५ साली मुक्ती सदनात मोठी धार्मिक जागृती झाली आणि तिची बातमी जगभर गेली. तिच्या अद्भुत गोष्टी पुष्कळ जण सांगतात. एक साधी गोष्ट मात्र मागे पडते. रमाबाईंनी त्याआधी मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमायला सांगितले होते आणि मग त्यांचे लहान लहान गट करून आसपासच्या खेड्यांत पाठवायला आरंभ केला होता. ज्या मुलींना समाजाने टाकून दिले होते त्यांच्यावर रमाबाईंनी विश्वास टाकला. रमाबाईंची कन्या मनोरमा हीदेखील विशीतच आईच्या बरोबरीने संस्थेचे काम पाहू लागली. केडगावचा धडा मला एवढाच दिसतो, की तरुण माणसाला पूर्ण तयार होईपर्यंत थांबवू नये. तो काम करता करता तयार होतो.

टिळकांचे घर आणि टिळकांची भाषा

दुसरा धडा नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्या काळी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते पुष्कळ होती. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सारे ख्रिस्ती उपासनेसाठी वापरले. आज आपल्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांची गीते आपण जुनी, खानदानी म्हणून गातो. पण लिहिली गेली तेव्हा ती नवीन होती. हे आठवले की पेटी-तबला की गिटार हा वाद निम्मा मिटतो. आज एखादी मुलगी आपल्या बोलीत, आपल्या चालीत गीत रचत असेल, तर ती टिळकांच्याच वाटेने चालली आहे. ते गीत कच्चे असेल, तर बसून दुरुस्त करावे. बंद पाडू नये. मात्र नुसते गिटार आणून तरुण थांबतील असेही नाही. त्याहून चांगले गाणे त्याच्या मोबाइलवर आहे. स्वतः रचलेले, स्वतः बसवलेले गीत मात्र मोबाइलवर मिळत नाही.

टिळकांची आणखी एक गोष्ट भाषेहून मोठी आहे. त्यांच्या घराचे दार उघडे असे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झाले. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. हा मुलगा पुढे टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्याच्या आठवणी फार मायेने सांगितल्या आहेत. ठोमरे हिंदूच राहिले आणि त्या घरात त्यांच्यावरची माया काही कमी झाली नाही. वयाने जवळजवळ तीस वर्षांनी मोठा असलेला एक कवी एका पोराशी कवितेवर बोलतो, त्याला घरात जेवायला घालतो, हट्ट सोसतो. तरुणांपर्यंत पोचायचे म्हणजे तरी दुसरे काय असते? पुढे १९१७ साली टिळकांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यातही बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांना जागा ठेवली. आपल्या तरुणांचे निम्मे मित्र दुसऱ्या धर्माचे असतात. त्यांनाही सोबत येता येईल असा एखादा कार्यक्रम मंडळीत असावा.

प्रश्न ऐकण्याची तयारी

तिसरे उदाहरण वसईचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नाव मराठी वाचकांना ठाऊक आहे. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले. 'सुवार्ता' मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते. वसईची शेती, पाणी आणि झाडे वाचवण्यासाठी हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा हे धर्मगुरू तिच्या पुढे होते. जमीन कोणाची, पाणी कोण उपसतो, हे प्रश्न चर्चच्या बाहेरचे आहेत असे त्यांनी म्हटले नाही.

आपल्या भागातल्या तरुणाचेही प्रश्न असेच जमिनीवरचे आहेत. कंत्राटी नोकरी कधी पक्की होणार? लग्न आपल्या पंथात जमत नाही, तर काय करावे? आणि एक प्रश्न तर मराठी ख्रिस्ती घरांत पिढ्यान् पिढ्या कुजबुजत चर्चिला जातो, तो जातीच्या दाखल्याचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंना, पुढे १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलिताला त्या नाहीत. कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवर हा प्रश्न अठरा वर्षांच्या मुलासमोर उभा राहतो. त्याला चर्चमध्ये त्यावर कोणाशीच बोलता आले नाही, तर तिथे बोललेले बाकीचे त्याला पोकळ वाटले तर नवल नाही. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पाळकसाहेबांकडे असेलच असे नाही. पण प्रश्न विचारला म्हणून श्रद्धेवर संशय घेतला जाणार नाही, एवढी खात्री त्याला मिळायला हवी.

शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेची गोष्ट आहे. यरुशलेम सोडून, निराश होऊन दोन शिष्य निघालेले असतात. येशू त्यांना वाटेत गाठतो, त्यांच्या बरोबरीने चालतो आणि आधी विचारतो, की तुमचे काय बोलणे चालले आहे? ते सगळे सांगतात, मग तो बोलतो. २०१८ साली रोममध्ये तरुणांच्या प्रश्नावर बिशपांची मोठी परिषद भरली, तिनेही हीच गोष्ट आधाराला घेतली होती. आधी सोबत चालावे, मग ऐकावे आणि त्यानंतर बोलावे. आपण पुष्कळदा शेवटापासून सुरुवात करतो.

लहान मंडळीला काय करता येईल?

आता प्रत्यक्षातले बोलू. वालचंदनगरसारख्या ठिकाणची मंडळी पंचवीस-तीस कुटुंबांची असली, तरी पुढच्या गोष्टींना फारसा खर्च नाही.

पहिली गोष्ट, एक वही करावी. मंडळीतला अठरा ते तीस वयाचा प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी सध्या कुठे आहे, काय करते, फोन नंबर काय, हे त्यात लिहावे. पुण्याला गेलेल्याचे नाव खोडू नये. त्याच्या खोलीजवळचे चर्च कोणते, तिथल्या पाळकांना आपण कळवले का, हे पाहावे. महिन्यातून एकदा त्याला फोन जावा. वर्गणीची आठवण देण्यासाठी नव्हे, तर 'खोली मिळाली का, जेवणाचे काय करतोस,' हे विचारण्यासाठी. आणि हा फोन त्याच्याच वयाच्या कोणी करावा.

दुसरी गोष्ट वेळेची. रविवार सकाळ ही पवित्र आहेच, पण कारखान्याची पाळीही खरी आहे. महिन्यातून दोन संध्याकाळी, पाळ्यांचे वेळापत्रक पाहून, कोणाच्या तरी घरी तासभर जमावे. आठ जण आले तरी पुष्कळ झाले.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. तरुणांना खुर्च्या मांडण्याचे, मंडप बांधण्याचे, नाताळला कंदील लावण्याचे काम आपण देतोच. ती कामे वाईट नाहीत, पण त्यांत निर्णय कोणताच नसतो. निर्णयाचे काम द्यावे. समजा, नाताळच्या कार्यक्रमाची रक्कम ठरवून दोन तरुणांच्या हाती दिली, खर्च त्यांनी करायचा, हिशेब त्यांनी लिहायचा आणि सभेत वाचून दाखवायचा, तर काय होईल? कदाचित मांडववाला दोनशे रुपये जास्त घेईल. पण पुढच्या वर्षी हेच दोघे घासाघीस करतील. त्याबरोबर वडीलधाऱ्यांनी मंडळीचा वर्षाचा हिशेबही तितक्याच मोकळेपणाने त्यांना दाखवावा. तरुण मंडळी पैशाच्या बाबतीत फार लवकर ओळखते, की कुठे पडदा आहे. आणि कमिटीत दोन जागा तरुणांना द्यायच्या, तर त्यांतली एक मुलीची असावी.

चौथी गोष्ट चुकीची मुभा. प्रार्थना सांगताना शब्द अडखळतील, गीताची चाल चढी लागेल. त्या रविवारी मागच्या बाकावरून कोणी हसले, की तो मुलगा पुन्हा उभा राहत नाही. सांगायचे ते नंतर, एकट्याला, चहा पिताना सांगावे.

पाचवी गोष्ट, गावाच्या कामात मंडळीने तरुणांच्या मागे उभे राहावे. दहावीच्या मुलांची मोफत शिकवणी, रक्तदान, उन्हाळ्यात पाणपोई, ही कामे तरुण आनंदाने करतात, कारण त्यांचा उपयोग डोळ्यांना दिसतो. शेजारी कोणत्या धर्माचा, हा विचार त्यात आड येत नाही.

श्रोतेहो, आपल्या या भागाला वेगळा दाखला देण्याची गरजच नाही. आषाढी वारीच्या वेळी तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी इंदापूरला जाते. ती सर्व धर्मांचे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहतात. दिंडीत नीट पाहिले, तर एकाकडे वीणा असते, कोणाकडे पताका, कोणाकडे मृदंग, एखादीच्या डोक्यावर तुळस. टाळ तर जवळजवळ प्रत्येकाच्या हाती. पंधरा वर्षांचे पोरही ओळीत आपल्या जागी असते, आणि त्याची जागा रिकामी राहिली तर मागच्याला लगेच कळते. शेकडो वर्षे वारी चालली, त्याला भक्ती हे कारण आहेच. पण दिंडीत नुसते पाहणाऱ्याला जागा नाही, हेही एक कारण आहे.

ख्रिस्ती मंडळीच्या तरुणांनाही असेच ओळीत आपले ठिकाण हवे आहे. येत्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे. मागच्या बाकावरच्या एका तरुणापाशी जावे, आणि 'येत जा रे' असे न म्हणता त्याला एक नेमके काम सांगावे, जे त्याने केले नाही तर खरोखरच अडेल.